अठ्ठ्याहत्तरवर अडकलेली हवा

आमच्या घरी माझ्या आधी माझा वास पोचतो. देऊळगाव राजाच्या रस्त्यावर माझं मोटरी भरायचं दुकान आहे. शेतकरी जळालेली मोटर आणून टाकतो, मी तिच्यातली काळी पडलेली तार उपसतो, नवी तांब्याची तार गुंडाळतो आणि शेवटी तिला वार्निश पाजतो. पाजतोच म्हणायचं, कारण वाइंडिंग वार्निश अक्षरशः पितं. मग दोनशेचा बल्ब आत सोडून वाळवायचं. वाळल्यावर मेगर, म्हणजे तारेतून वीज गळते का ते दाखवणारं मीटर, लावून पाहायचं. वार्निशआधी काटा जिथे रेंगाळत असतो तिथून तो झपकन वर जातो, आणि शेतकऱ्यासमोर आपली मान ताठ होते. सत्तावीस वर्षं मी हा काटा वर जाताना पाहतो आहे. त्यामुळे वार्निश लावलं की कोणतीही वस्तू सुधारते, असा माझा पक्का समज होऊन बसला होता.

या समजापायी मी खाट वार्निश केली, पाट वार्निश केले, सायकलची घंटी केली (ती त्यानंतर वाजली नाही) आणि एकदा सासूबाईंनी लेकीला दिलेलं सागवानी लाटणं केलं. महिनाभर आमच्या पोळ्यांना मोटरीचा वास येत होता. बायको जळगाव जामोदकडची. तिकडची माणसं मोजकंच बोलतात पण मोजून बोलतात. ती म्हणाली, "आता मले बी एक हात मारून टाका. पावसात भिजाचं टेन्शन नाई."

ही बायको तीन वर्षांपूर्वी रेशमाच्या मागे लागली. विहिरीजवळच्या एकरात तुती लावली, शेड उभी केली, प्रशिक्षणाला जाऊन आली. भावकीत हसाहसी झाली. शेळ्या पाळतात, कोंबड्या पाळतात, ही अळ्या पाळते म्हणे! मीही हसण्यात होतो, उगीच खोटं कशाला बोलू. पण अळ्या आल्या आणि मला कळलं की आमच्या घरात आता माझ्यापेक्षा नाजूक प्रकृतीचं कोणीतरी राहायला आलं आहे. त्यांना तंबाखूचा वास चालत नाही, अत्तर चालत नाही, अगरबत्ती चालत नाही. वार्निशचं तर नावच काढू नका. शेडच्या दाराशी बायकोने पांढऱ्या पावडरीची रेघ मारली आणि मला सांगितलं, "तुमी याच्या अलीकडं."

तेव्हापासून मी अलीकडे.

पहिली बॅच गेल्या वर्षी गेली. शेवटच्या आठवड्यात, अळ्या जेव्हा सगळ्यात जास्त खातात तेव्हाच, कोरडी हवा सुटली. रॅकवर टाकलेली तुतीची पानं तासाभरात पापडासारखी व्हायची. अळ्या वाळकं पान खात नाहीत. त्या मान वर करून थांबल्या, मग मऊ पडल्या. बायकोने टोपल्या भरभरून त्या खड्ड्यात नेल्या, वर चुना टाकला, हात धुतले आणि कणीक मळायला बसली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अजून एक बॅच घेते. ती बी गेली तर तुती उपटून टाका अन् पेरा तुमची सोयाबीन."

त्यातला 'तुमची' मला फार लागला. सोयाबीन आजपर्यंत आमची होती.

म्हणून मी ठरवलं, रेघेच्या अलीकडून का होईना, काहीतरी करायचं. बसस्टँडच्या मागे एका चाचांचं दुकान आहे. आधी ते रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, आता मोबाइल. वस्तू लहान होत गेल्या तसं चाचांच्या डोळ्यावरचं भिंग मोठं होत गेलं. त्यांना म्हटलं, शेडमधली हवा कोरडी झाली की आपोआप पाण्याचे तुषार उडवणारा फॉगर सुरू झाला पाहिजे, असं काहीतरी करून द्या.

चाचांनी ड्रॉवरमधून सर्किटची एक पट्टी काढली. तिच्यावर चौकोनी काळा ठिपका, तुरीच्या डाळीपेक्षा लहान, आणि त्याच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढं भोक.

"ये देख मिस्तरी. गरमी बी मोजतो अन् हवेतलं पानी बी. खाली एक स्क्रीन देतो, एक रिले देतो. पासष्टच्या खाली गेलं का फॉगर चालू, पंच्याहत्तरला बंद. फक्त हे भोक दिसतं का? हेच्यातून हवा आत जाते. हे सांभाळ."

हे वाक्य चाचा बोलले, हे मी आज शपथेवर सांगू शकतो. त्या वेळी मात्र मी त्यांना एका पाच एचपीच्या पाणबुडी मोटरीची गोष्ट सांगत होतो, जी तीन मिस्तऱ्यांनी सोडून दिली आणि मी चालू केली. गोष्ट ऐन रंगात होती. मी नुसता "हो हो" म्हणालो.

पट्टी दुकानात आणून जोडली. स्क्रीनवर आकडा आला: एकतीस टक्के. माझ्या मनाला काही पटलं नाही. एकतीस टक्क्यात तर पोरगं पासही होत नाही. शिवाय ही उघडीबोडकी तांब्याची पट्टी शेडमध्ये लटकणार, खाली ओली पानं, वर फॉगरचे तुषार. अशा जागी मोटर द्यायची तर मी काय केलं असतं?

बरोबर. लहान ब्रश घेतला आणि पट्टीला दोन्ही बाजूंनी, कोपऱ्याकोपऱ्यात, प्रेमाने वार्निश पाजलं. त्या ठिपक्याला तर दोन हात दिले. एवढासा जीव, त्याला जास्त जपायला हवं. वर भोक राहिलं होतं तेही बुजलं, म्हणजे आता पाणी शिरायची भीतीच नाही. बल्बाखाली दोन दिवस वाळवलं, वास गेला आणि पुन्हा चालू केलं.

अठ्ठ्याहत्तर!

मला मेगरचा काटा आठवला. एकतीसवरून थेट अठ्ठ्याहत्तर. डिस्टिंक्शन. दहावीला मला स्वतःला एवढे पडले नव्हते. चाचांना फोन करून सांगावंसं वाटलं की तुमचा माल कच्चा होता, मी तो सुधारला. पण मोठेपणाने राहू दिलं.

शेडमध्ये ते बायकोनेच टांगलं, मी रेघेवरून सूचना देत होतो. "थोडं डावीकडे. वर. अगं, स्क्रीन दिसली पाहिजे." तिने खालून निरखून पाहिलं.

"अठ्ठ्याहत्तर दाखवते जी. मले तर हवा कोरडी लागून राह्यली."

"तुला लागते. यंत्राला लागत नाही. यंत्र म्हणजे यंत्र."

"अन् खालचा आकडा?"

"तो गरमी. एकोणतीस."

तिने भिंतीवरच्या जुन्या थर्मामीटरकडे पाहिलं. तिथेही एकोणतीस. मान हलवली. एक आकडा खरा निघाला म्हणून तिने दुसऱ्यावरही विश्वास ठेवला. आजवर तिने माझ्या कोणत्या वस्तूवर ठेवला नव्हता तेवढा ठेवला, हेच मला पुढे फार दिवस टोचत राहिलं.

अळ्यांनी शेवटची कात टाकली आणि दुसऱ्याच दिवशी जळगाव जामोदहून फोन आला. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा नंबर लागला होता. तिचा भाऊ म्हणाला, तू येऊ नको, आम्ही पाहतो. बायको फोन ठेवून बराच वेळ ओट्याशी उभी राहिली. एकीकडे आईचा डोळा, दुसरीकडे अळ्यांचं तोंड. शेवटच्या आठवड्यात त्यांना दिवसातून तीनदा ताजी पानं लागतात.

"जा तू," मी म्हणालो. "दोन दिवसांचा तर प्रश्न. मी आहे ना. आणि मशीन आहे."

"तुमी?"

"दुकान बंद ठेवतो. दोनदा आंघोळ करतो. सांगशील ते कपडे घालतो."

तिने मला दारात उभं करून हुंगलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं कधी झालं नव्हतं. मग तिने ट्रंकेतला माझा जुना पांढरा शर्ट काढला, जो दुकानात कधीच गेला नव्हता, आणि दिला. सकाळच्या बसने ती गेली. मी पांढरा शर्ट घालून, पांढरी रेघ ओलांडून, पहिल्यांदा शेडमध्ये शिरलो. खरं सांगतो, देवळात शिरल्यासारखा हळू चाललो.

पहिला दिवस झकास गेला. फांद्या तोडल्या, रॅकवर अंथरल्या. स्क्रीनवर अठ्ठ्याहत्तर. दुपारी गरमी बत्तीसवर गेली तरी अठ्ठ्याहत्तर. फॉगर एकदाही सुरू झाला नाही. मी मनात म्हणालो, हवा इतकी चांगली ठेवली आहे मी की फॉगरला कामच नाही.

संध्याकाळी तिचा फोन.

"आईचं ऑपरेशन झालं. पट्टी हाय डोळ्याले. तिकडं कसं हाय?"

"अठ्ठ्याहत्तर."

"आकडा नका सांगू. पानं कशी हायेत?"

"पानं..." मी रॅककडे पाहिलं. सकाळची पानं कडेने वळली होती. "पानं मस्त."

मागून सासूबाईंचा आवाज आला, "इचार जावयाले, अळ्याले खाऊ घातलं का नुसतं वार्निश लावलं?" डोळ्याला पट्टी बांधलेली बाई आणि तिला सगळं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नियमाप्रमाणे आंघोळ केली, पुन्हा आंघोळ केली, चिंब टॉवेल शेडच्या आत दाराच्या खुंटीला अडकवला आणि फांद्या आणायला गेलो. दोन-तीन तासांनी परत आलो, पानं टाकली. कालच्या फांद्या हाताला लागल्या तर कुर्रकन वाजल्या. काही अळ्यांनी मान वर केली होती. मी म्हटलं, पोट भरलं असेल. स्क्रीन अठ्ठ्याहत्तरच होती.

हात पुसायला टॉवेल ओढला. तो हातात पापडासारखा आला. कडक, कोरडा, वळी पडलेला.

मी टॉवेल घेऊन तसाच उभा राहिलो. दोन-तीन तासांपूर्वी अडकवताना मी तो पिळलाही नव्हता. श्रावणात आमच्याकडे टॉवेल दोन दिवस वाळत नाही, वास मारतो, त्यावरून भांडणं होतात. श्रावणात हवा असते ऐंशीच्या घरात. मग ही अठ्ठ्याहत्तर टक्के हवा चिंब टॉवेल दोन-तीन तासांत कसा पिते? मी स्क्रीनकडे पाहिलं. तिने मला शांतपणे तोच आकडा दाखवला. मी अळ्यांकडे पाहिलं. आता मान वर केलेल्या पुष्कळ दिसायला लागल्या. सगळ्या एकाच बाजूला, माझ्याकडे. गेल्या वर्षी खड्ड्याकडे गेलेल्या टोपल्या मला आठवल्या.

फोन लावला. लपवायला आता जागाच नव्हती.

"ऐक, रागावू नको. मशीन खोटं बोलतंय. पानं वाळली. कालही वाळली होती."

मग ती बोलली ते इतक्या साध्या आवाजात, की ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"मशीन बंद करा. फॉगरची वायर सरळ बोर्डात लावा. दहा मिंटं, जास्त नाई, अळ्या ओल्या नाई झाल्या पाह्यजे. खिडक्याले गोणपाट ओले करून बांधा. खाली पानी मारा. वाळली पानं काढा, नवी टाका, थोडी थोडी. झालं का मंग मले फोन करा."

"तू येतेस का?"

"येऊन राह्यली. पन बस काई मोटर नाई, वार्निश पाजलं का पळन."

तो दिवस मी जसा राबलो तसा मोटरीसाठी कधी राबलो नाही. गोणपाटं भिजवली, ती वाळली, पुन्हा भिजवली. विहिरीवरून तुती आणली. पांढऱ्या शर्टाचा रंग सांगण्यासारखा राहिला नाही. दुपार कलली तेव्हा एका रॅकवर एका अळीने मान खाली घातली आणि पानाची कड कुरतडायला घेतली. मग शेजारच्या दोघींनी. मी त्या तिघींसमोर उकिडवा बसून राहिलो. कोणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, मिस्तरीचं डोकं गेलं.

दिवेलागणीला ती आली. पिशवी ओट्यावर टाकली, पाय धुतले, सरळ शेडमध्ये गेली. हाताच्या पालथ्या बाजूने पानांना स्पर्श करत एकेक रॅक पाहिला. दाराजवळच्या रॅकचा वरचा मजला, गरम पत्र्याखालचा, तिथल्या अळ्या मऊ पडल्या होत्या. त्या तिने वेगळ्या काढल्या. बाकीच्या खात होत्या. मी रेघेच्या अलीकडे जाऊन उभा राहिलो होतो, कोणी न सांगता.

"एवढ्या गेल्या," ती टोपली दाखवत म्हणाली. "बाकी वाचतीन वाटते. आता सांगा, काय केलं तुमी त्या मशीनले?"

"वार्निश."

तिने डोळे मिटले. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती आणि रडतही होती. दोन्ही एकदम करायचं कसब तिच्याकडे आहे.

पानांचं आटोपून दुसऱ्या दिवशी तासाभरासाठी आम्ही दोघं चाचांकडे गेलो. चाचांनी डोळ्याला भिंग लावून पट्टी पाहिली आणि भिंग खाली ठेवलं.

"भाभी, तुम्हारे मिस्तरीने इसकी नाक बंद कर दी. पक्की."

मग त्यांनी ड्रॉवरमधली तसलीच दुसरी पट्टी काढून जोडली. बत्तीस आला. चाचांनी तोंड जवळ नेऊन हळू फुंकर मारली. आकडा पळत सुटला: पन्नास, सत्तर, नव्वद. फुंकर थांबली, आकडा हळूहळू खाली आला. मग माझ्या पट्टीवर फुंकर मारली. अठ्ठ्याहत्तर. पुन्हा मारली. अठ्ठ्याहत्तर. बायकोकडे पाहायची माझी हिंमत झाली नाही.

"हे असं काऊन होते चाचा?" तिने विचारलं. मी तेवीस दिवसांपूर्वी विचारायला हवा होता तो प्रश्न.

चाचांनी पंख्याचा जुना कंडेन्सर उचलला. "हे मिस्तरीला माहीत आहे. दोन पत्रे, मधी एक पातळ पडदा. विजेचा भार धरून ठेवतो. त्या ठिपक्यात बी तसंच, फक्त बारीक. पण त्याचा पडदा अलग आहे, हवेतली वाफ पितो. वरचा पत्रा जाळीसारखा, म्हणजे वाफ आत जाईल. वाफ पिली का पडदा जास्त भार धरतो. हवा सुकी झाली का वाफ सोडतो, भार कमी धरतो. ठिपक्याच्या आत हिशेबनीस बसलाय, तो भार मोजतो, कारखान्यात शिकवलेल्या आकड्यांशी ताडून पाहतो अन् दोन वायरीवरून पाढे म्हटल्यासारखा आकडा पाठवतो."

"अन् गरमी?"

"गरमीला भोक लागत नाही. ती सिलिकॉनमध्येच मोजतो, वार्निशमधून बी लागते. म्हणून ते बरोबर सांगत होता. अन् गरमी का मोजतो माहीत आहे? हवा गरम झाली का तिचं पोट मोठं होतं. पानी तेवढंच, पण पोट मोठं, म्हणून टक्का खाली. टक्का म्हणजे किती पानी आहे ते नाही. पोट किती भरलं ते."

हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. मला वाटायचं अठ्ठ्याहत्तर टक्के हवा म्हणजे शंभर लोट्यांत अठ्ठ्याहत्तर लोटे पाणी. मी तसं एका गिऱ्हाइकाला सांगूनही टाकलं होतं.

"पण अठ्ठ्याहत्तरच का चाचा?" मी विचारलं.

"तुझ्या वार्निशमधलं थिनर पडद्यात शिरलं. पडद्याला वाटलं पानीच आलं. वरून तू दार लावून घेतलं. आता तो आतल्या आत थिनर पिऊन खुश आहे." चाचांनी एक बटण दाबलं. "यात बारीक हीटर असतो, दव बसलं तर उडवायला. चालवून पाहू." पाच मिनिटं वाट पाहिली. गरमीचा आकडा हलला, टक्का तिथेच. चाचांनी मान हलवली. "नाही रे. तुझं काम पक्कं असतं मिस्तरी, हे मानलं पाहिजे."

बायको नव्या पट्टीवर स्वतः फुंकर मारून पाहत होती. मग म्हणाली, "म्हंजे याले बी अळीसारखंच हाय. वास चालत नाई, अन् पान वाळलं का पहिलं यालेच कळते."

"बिलकुल," चाचा म्हणाले. "अन् तुमच्या मिस्तरीपासून दोघांना दूर ठेवा."

नवी पट्टी तिने स्वतः टांगली, पानांच्या उंचीवर, तुषारांपासून बाजूला. त्या पट्टीजवळ मी ब्रशच काय, हातही नेला नाही. पुढचे दिवस फॉगर दुपारभर सुरू-बंद होत राहिला आणि तो सुरू झाला की मला तिकडे न पाहता कळायचं, कारण बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "पाहा, खरं बोलून राह्यलं."

अळ्या चढल्या. कोश विणायला ठेवलेल्या चंद्रिकेच्या जाळ्यांवर पांढरे कोश लागले. दाराजवळचा वरचा मजला रिकामा होता, बाकीचे भरले. सगळ्या अळ्या जगल्या असत्या तर कोश जास्त आले असते, हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघांनीही तो विषय काढला नाही. तिने एक कोश काढून माझ्या कानाशी हलवला. आत काहीतरी हलकंसं खुळखुळलं.

"आयका," ती म्हणाली. "तुमी मारल्या नाईत त्याच्यातली हाय."

मी म्हटलं, "मग सोयाबीन?"

"कोनती सोयाबीन?" ती म्हणाली आणि कोश पोत्यात टाकायला लागली.

माझी पट्टी आता दुकानात खिळ्याला आहे, चालू. पाऊस असो, ऊन असो, अठ्ठ्याहत्तर. गिऱ्हाईक विचारतं, हे काय? मी सांगतो, माझी दहावीची टक्केवारी. परवा तिने आरोळी दिली, "गुरुवारी नव्या अळ्या येऊन राह्यल्या." मी म्हटलं, बरं. मग शेडकडे पाहिलं. दाराच्या आतल्या खुंटीला, रेघेच्या पलीकडे, तो पांढरा शर्ट धुऊन अडकवलेला होता. डाग गेले नव्हते. मी आंघोळीचं पाणी तापत ठेवलं.